पिशव्यांची कप्पेपट्टी : इयत्ता ५ वी ते ७ वीसाठी एक शिवणकाम

महाराष्ट्र शासनाने दि. २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घालणारी अधिसूचना काढली आणि जुना साठा संपविण्यासाठी दिलेली तीन महिन्यांची मुदत सरताच, म्हणजे त्याच वर्षी २३ जूनपासून, दंडाची तरतूद अमलात आली. पहिल्या वेळी ५,००० रुपये व दुसऱ्या वेळी १०,००० रुपये असा हा दंड आहे. पुढे केंद्र शासनाने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकावयाच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी घातली. आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक पिशवीही सर्व राज्यांत निषिद्ध ठरली. सालेकसा तालुक्याच्या दृष्टीने या शेवटच्या गोष्टीस विशेष महत्त्व आहे. या तालुक्याची हद्द एकीकडे मध्यप्रदेशास व दुसरीकडे छत्तीसगडास लागून आहे. गोंदियाहून डोंगरगडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सालेकसा व दरेकसा ही स्थानके असल्याने लोकांचे व मालाचे येणेजाणे सतत चालू असते. राज्याचा नियम हद्दीशी थांबतो. देशाचा नियम तेथे थांबत नाही.

असे असूनही आठवडी बाजाराच्या दिवशी हातात पातळ पिशवी लोंबत असलेला मनुष्य दिसतोच. त्याला विचारले तर घरी कापडी पिशवी नाही असे तो क्वचितच सांगतो. पिशवी असते, एक नव्हे, पाच-सहा असतात. कोणी लग्नात दिलेली, कोणी दुकानातून मिळालेली, कोणी जुन्या विजारीच्या पायाची घरी शिवलेली. परंतु एक तांदळाच्या कोठीमागे, एक दांडीवर ओल्या कपड्यांखाली, दोन एकमेकींत कोंबून खाटेखाली, अशी त्यांची स्थिती असते. बाजारास निघण्याच्या घाईत त्या सापडत नाहीत आणि मग रिकाम्या हाताने गेलेला मनुष्य भाजीवाल्याकडे पिशवी मागतो. दंडाचे भय त्या क्षणी कामास येत नाही, कारण त्या क्षणी अडचण जागेची असते. जी वस्तू ठेवण्यास नेमलेली जागा नाही ती वस्तू वेळेवर हाताशी येत नाही, हा संसारातला साधा अनुभव आहे. पाण्याच्या तांब्याला जागा असते, विळ्याला जागा असते, सायकलच्या किल्लीलाही खिळा असतो. पिशवीला मात्र नसतो.

ही जागा विद्यार्थी स्वतःच्या हाताने तयार करू शकतात. एका जुन्या लुगड्याच्या किंवा धोतराच्या सव्वा मीटर तुकड्यातून सहा कप्पे असलेली एक पट्टी होते. ती दाराजवळच्या खुंटीवर टांगावयाची. एका कप्प्यात एक पिशवी, याप्रमाणे सहा पिशव्या तीत राहतात. तिला येथे कप्पेपट्टी म्हटले आहे. मुलांच्या घरी पिशवीला थैली म्हणत असोत की झोला म्हणत असोत, शिक्षकांनी या वस्तूचे नाव मुलांनाच ठेवू द्यावे. गोंडी किंवा छत्तीसगढी बोलणाऱ्या मुलाने सुचविलेले नाव फळ्यावर लिहिले गेले तर ती वस्तू त्याच्या घरी अधिक लवकर आपलीशी होईल.

शिवणकाम शाळेत आणणे ही काही नवलाची कल्पना नाही. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेने हातउद्योगातून शिक्षण हे तत्त्व पुढे मांडले, आणि झाकिर हुसेन समितीने त्यावरून अभ्यासक्रम बांधला. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभवाचा पुरस्कार केला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही इयत्ता ६ वी ते ८ वीच्या काळात दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांच्या सहवासात घालवावेत असे म्हटले आहे. तत्त्व इतके जुने असताना शाळांतील कार्यानुभव पुष्कळ ठिकाणी रंगीत कागदाच्या फुलांवर येऊन थांबला आहे. प्रदर्शनापुरती केलेली आणि नंतर कपाटावर धूळ खात पडणारी वस्तू मुलास एवढेच शिकविते की शाळेतले काम खरे नसते. कप्पेपट्टी घरी जाते, वापरली जाते आणि तिच्यात चूक असेल तर पहिल्याच आठवड्यात ती चूक दिसते. शिवण ढिली असेल तर कप्पा उसवतो. माप चुकले असेल तर पिशवी आत जात नाही. शिक्षकाने तांबड्या शाईने दाखविलेल्या चुकीपेक्षा ही चूक मुलास लवकर कळते.

मुलगे व मुली या दोघांनीही हे काम करावयाचे आहे. शिवण हे मुलींचे काम असा समज काही घरी असेल. तेव्हा गावातला शिंपी बहुधा पुरुषच असतो, हे पालकांच्या लक्षात आणून दिले म्हणजे पुरे.

कापड जुनेच का?

या ठिकाणी थोडे थांबणे अवश्य आहे. कारण नव्या कापडाचा ठाण आणून पन्नास पट्ट्या शिवून घ्याव्यात असा मोह उत्साही शाळेस होण्याचा संभव आहे.

कापडी पिशवी फुकट निर्माण होत नाही. कापसाला जमीन लागते, पाणी लागते, खत व औषधे लागतात. पुढे सूत, विणकाम व रंगाई यांस इंधन लागते. डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असा हिशेब मांडला की, केवळ हवामानावरील परिणाम पाहिला तरी सुती पिशवी किमान ५२ वेळा वापरली गेली पाहिजे, तेव्हा ती तेथील साध्या प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीस येते. इतर सर्व परिणाम धरले तर हा आकडा ७,१०० पर्यंत जातो. इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेच्या २०११ च्या अहवालात, पातळ पिशवी एकदाच वापरली असे धरून, हवामानापुरता हा आकडा १३१ आला होता. या हिशेबात गुरांच्या पोटात गेलेले, नाल्यात अडकलेले किंवा जाळून धूर झालेले प्लास्टिक पुरतेपणी धरलेले नसते, त्यामुळे हे आकडे पाहून प्लास्टिककडे परत वळण्याचे कारण नाही. पण एक गोष्ट त्यांतून निर्विवाद निघते. कापडी पिशवीचा गुण तिच्या कापडात थोडा आणि तिच्या वारंवार वापरात फार आहे. आठवड्यातून एकदा बाजारास जाणारी पिशवी वर्षात ५२ वेळा जाते. खाटेखाली पडलेली पिशवी एकदाही जात नाही आणि तिच्यासाठी खर्ची पडलेले पाणी व खत वाया जाते.

म्हणून कप्पेपट्टी नव्या कापडाची करणे हे मुळावरच घाव घालण्यासारखे होईल. जुने सुती लुगडे, धोतर, चादर किंवा लहान झालेला गणवेश यांतून ती करावी. जुन्या कापडाचा आणखी एक फायदा असा की, ते पुष्कळदा धुतलेले असल्याने आता आटत नाही; नवे कापड शिवल्यानंतर पहिल्या धुण्यात आटून कप्पे तोकडे होतात. शिवाय ते मऊ असते, मुलांच्या सुईला त्याचा त्रास होत नाही.

जुने म्हणजे विरलेले मात्र नव्हे. लुगड्याचा निऱ्यांकडचा व टाचेकडचा भाग लवकर झिजतो. तुकडा उजेडासमोर धरून पाहावा. धागे विरळ दिसले तर तो भाग सोडावा. नंतर दोन्ही हातांच्या चिमटीत धरून उभा व आडवा हलकेच ताणावा. चरचर असा आवाज आला तर ते कापड भार सोसणार नाही. खताच्या किंवा कीटकनाशकाच्या पोत्याचा तुकडा या कामी कधीही घेऊ नये.

आणखी एक दक्षता. उद्या घरून जुने लुगडे घेऊन या, असे वर्गात सरसकट सांगू नये. काही घरी जुने लुगडे अंगावरच असते आणि जे खरोखर जुने झाले ते गोधडीत गेलेले असते. शाळेने शिंप्याकडील तुकडे, शिक्षकांच्या घरचे कपडे व जो सहज देऊ शकेल त्याचे कापड एकत्र गोळा करून धुवावे आणि मग सर्वांना सारखे वाटावे. कोणते कापड कोणाच्या घरचे, हे वर्गात कळण्याचे काही प्रयोजन नाही.

मापे

मापाचा आरंभ पिशवीपासून करावा; पट्टीपासून करू नये. नेहमीची बाजाराची पिशवी साधारण ३६ सें.मी. रुंद व ४० सें.मी. उंच असते. तिची रुंदीत तीन पदरी घडी घातली म्हणजे १२ सें.मी. होतात. उंचीत पुन्हा तीन पदरी घडी घातली म्हणजे १३ सें.मी.हून किंचित जास्त होतात. बंद आत दुमडले की या घडीची जाडी सुमारे २ सें.मी. भरते. मुलांनी स्वतः घड्या घालून व मोजपट्टी लावून हे आकडे काढावेत. गावातल्या पिशव्या निराळ्या मापाच्या असतील तर पुढचे सारे आकडे त्याप्रमाणे बदलावेत.

आता घडी १२ सें.मी. रुंद आहे म्हणून कप्पा १२ सें.मी. रुंद केला तर ती आत जाईल काय? बहुतेक मुले होय म्हणतील. त्यांना कागदाचा तसा कप्पा चिकटवून पाहू द्यावे. कप्प्याच्या पुढच्या कापडाला घडीच्या रुंदीवरून आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या जाडीवरून वळावे लागते; म्हणजे १२ + २ + २ = १६ सें.मी. हवेत. हात घालण्यास २ सें.मी. सैल धरले म्हणजे १८ होतात. एका ओळीत दोन कप्पे, म्हणून ३६. दोन्ही कडांना गोटाच्या शिवणीत १-१ सें.मी. जातो, म्हणून कापावयाची रुंदी ३८ सें.मी. लुगड्याचा पन्हा ११५ सें.मी. असेल तर त्याच्या रुंदीत अशा तीन पट्ट्या बसतात व १ सें.मी. उरतो. परिमिती व भागाकार हे दोन्ही पाठ येथे आपोआप येऊन जातात.

कप्प्याची खोली ११ सें.मी. ठेवावी. घडी १३ सें.मी. उंच असल्याने तिचे वरचे टोक दोन सें.मी. बाहेर राहते व चिमटीत धरून ओढता येते. पूर्ण आत जाणारी पिशवी दृष्टीआड होते आणि दृष्टीआड झालेली वस्तू विसरली जाते.

या पट्टीचे वैशिष्ट्य असे की, कप्पे वेगळे कापून जोडावयाचे नाहीत. एकाच लांब कापडास साडीच्या निरीसारखी चुणी घालून कप्पा तयार होतो. कापड वरून खाली येते, कप्प्याच्या तळाशी पुढच्या बाजूस वर वळते, ११ सें.मी. वर जाऊन पुन्हा खाली वळते आणि पुढील कप्प्याकडे जाते. त्यामुळे कप्प्याच्या तोंडाशी दुमड येते, तेथे उसवण्यास कडा राहत नाही. आणि तळाशीही दुमडच येते. पिशवीचा भार शिवणीवर न पडता अखंड कापडावर पडतो. हातशिलाईच्या, त्यातही लहान मुलांच्या हातशिलाईच्या वस्तूस हे फार उपयोगाचे आहे.

एका चुणीस ११ सें.मी.चे तीन पदर, म्हणजे ३३ सें.मी. कापड लागते. दोन ओळींच्या मध्ये ४ सें.मी. अंतर ठेवावयाचे. वर काठीच्या नेफ्यासाठी ५ सें.मी. व त्याखाली पहिल्या कप्प्याच्या तोंडापर्यंत ८ सें.मी. तळाच्या दुमडीस २ सें.मी. एकूण ५ + ८ + ३३ + ४ + ३३ + ४ + ३३ + २ = १२२ सें.मी. तयार पट्टीची उंची ४९ सें.मी. भरते. प्रत्यक्षात १२४ सें.मी. कापावे, कारण प्रत्येक दुमडीत कापड थोडे खाते, जे कागद खात नाही. जादा भाग शेवटी कापून टाकता येतो, तुटलेला जोडता येत नाही.

खुणा कापडाच्या वरच्या कडेपासून पुढीलप्रमाणे कराव्यात. नेफ्याची दुमड ५ वर. कप्प्यांच्या तोंडांच्या रेषा १३, ५० व ८७ वर. तळाच्या दुमडी २४, ६१ व ९८ वर. वरच्या दुमडी, म्हणजे जेथे कापड पुन्हा खाली वळते त्या, ३५, ७२ व १०९ वर. हे आकडे फळ्यावर तीन ओळींत लिहून मुलांना काही क्षण नुसते पाहू द्यावेत. प्रत्येक ओळीत पुढचा आकडा मागच्यापेक्षा ३७ ने मोठा आहे, हे कोणीतरी बोलून दाखवीलच. ३७ का, असे मग विचारावे. ३३ अधिक ४, हे उत्तर ज्या मुलाकडून येईल त्याला पट्टीची रचना समजली असे मानण्यास हरकत नाही.

कृती

प्रथम वर्तमानपत्राचे कागद चिकटवून ३८ × १२२ सें.मी. ची पट्टी करावी व तिच्यावर खुणा करून घड्या घालून पाहाव्यात. कागदाची पट्टी बरोबर जमल्याखेरीज कोणाच्याही हाती कात्री देऊ नये. कापड कापण्याचे काम पाचवीच्या वर्गात शिक्षकांनी करावे.

साहित्य अल्प आहे. सुई, सुती दोरा, कात्री, खडू, मोजपट्टी, काही टाचण्या, ४० सें.मी. लांबीची बांबूची गुळगुळीत कामटी व हातभर सुतळी. मधल्या बोटासाठी अंगुस्तान मिळाल्यास उत्तम. सुया देताना मोजून द्याव्यात व तास संपताना मोजून परत घ्याव्यात. एक जरी कमी भरली तरी ती सापडेपर्यंत वर्ग सोडू नये. वर्गात मुले जमिनीवर बसतात, हे ध्यानात ठेवावे. दोरा आपल्या हाताच्या लांबीपेक्षा मोठा घेऊ नये. लांब दोऱ्याने काम लवकर उरकेल असे मुलांना वाटते. प्रत्यक्षात त्याचा गुंता सोडविण्यातच तास जातो.

टाके तीनच लागतात. धावदोरा हा कच्चा धरण्यासाठी, टीप ही भार सोसण्यासाठी आणि तुरपाई ही कडा झाकण्यासाठी. टीप घालताना सुई अर्धा सें.मी. मागे जाऊन मागच्या टाक्याच्या टोकाशी खाली शिरते आणि कापडाखालून एक सें.मी. पुढे येऊन वर निघते. तिला शिवणीच्या लांबीच्या सुमारे तिप्पट दोरा लागतो, हे एका तुकड्यावर करून व मोजून दाखवावे. डावखुऱ्या मुलाने डावीकडून उजवीकडे शिवावे. त्याचा हात बदलविण्याचा प्रयत्न करू नये.

आता प्रत्यक्ष शिवण. कापडाच्या वरच्या ९ सें.मी. भागाच्या दोन्ही कडा १-१ सें.मी. उलट बाजूस दुमडून तुरपून घ्याव्यात. काठी येथूनच आत जाणार असल्याने ही तोंडे गोटाने बंद होता कामा नयेत. नंतर वरची कडा १ सें.मी. आत मोडून ५ च्या खुणेवर मागे दुमडावी व ४ सें.मी. रुंदीचा नेफा टीप घालून पक्का करावा. साऱ्या पट्टीचा भार या टिपेवर असतो, म्हणून येथे धावदोरा चालणार नाही.

मग कापड सुलट बाजू वर करून जमिनीवर पसरावे. ३५ ची दुमड उचलून १३ च्या रेषेवर आणून ठेवावी. २४ वर तळाची दुमड आपोआप पडते. तशीच ७२ ची दुमड ५० वर व १०९ ची ८७ वर. प्रत्येक चुणी टाचणीने अडकवून दोन्ही कडांना कच्चा धावदोरा घालावा व टाचण्या लागलीच काढून डबीत टाकाव्यात. शेवटी खाली उरलेले २ सें.मी. कापड तळाच्या दुमडीवरून मागे घेऊन, त्यातील १ सें.मी. आत मोडून तुरपावे. जादा ठेवलेले कापड असेल तर ते याच वेळी कापावे.

मधली रेषा कडेपासून १९ सें.मी. वर खडूने आखावी. प्रत्येक ओळीत ११ सें.मी. लांबीची टीप तिन्ही पदरांतून घालावी व कप्प्याच्या तोंडाशी एकाच जागी तीन-चार टाके घेऊन ती बळकट करावी. पिशवी ओढताना सर्वांत अधिक ताण याच ठिकाणी येतो. चुण्यांच्या मधल्या ४ सें.मी. मोकळ्या भागावर टीप घालण्याची आवश्यकता नाही.

कडांच्या गोटासाठी ४ सें.मी. रुंद व ४७ सें.मी. लांब अशा दोन पट्ट्या घ्याव्यात. नेफ्याखालून तळापर्यंतची कड ४५ सें.मी. आहे, उरलेले २ दोन्ही टोकांस आत मोडण्यासाठी. गोट सुलट बाजूस कडेशी कड जुळवून ठेवावा, १ सें.मी. आत टीप घालावी, मग तो कडेवरून मागे वळवून १ सें.मी. आत मोडावा व तुरपावा. टीप घालताना तीन पदर पट्टीचे व एक गोटाचा, असे चार पदर सुईखाली येतात. पाचवीच्या मुलास हे जड जाते. दोघांनी मिळून, एकाने कापड ताणून धरून व दुसऱ्याने शिवून, आळीपाळीने करावे. गोटासाठी निराळ्या रंगाचे कापड वापरल्यास पट्टी शोभून दिसते, आणि उसवलेला टाकाही लवकर नजरेस येतो.

सर्व शिवणींची लांबी मोजली तर टीप १५९ सें.मी. व तुरपाई १४६ सें.मी., एकूण ३०५ सें.मी. होते, अर्ध्या सें.मी.चा एक टाका धरला तर ६१० टाके. चार मुलांच्या गटात ते वाटले तर प्रत्येकास दीडशेच्या वर येतात. एवढे काम एका तासात होत नाही व ते तसे उरकूही नये. कागदाच्या घडीस एक तास, टाक्यांच्या सरावास दोन व शिवणीस चार ते पाच असे धरून आठवड्यास दोन तास दिले तर महिन्याभरात गटाची एक पट्टी पूर्ण होते. पहिली पट्टी शाळेच्या स्वयंपाकघरास द्यावी. पोषण आहाराचा भाजीपाला आणणाऱ्या ताईंच्या नित्य वापरात ती आली म्हणजे तिच्यातील दोष वर्गाला समक्ष पाहता येतील, आणि पुढच्या पट्ट्या घरी नेण्याजोग्या होतील.

कामटी नेफ्यात घातल्यावर ती दोन्ही बाजूंस दोन-दोन सें.मी. बाहेर राहते. टोकांशी खाच करून सुतळी बांधावी. बांबूचे कूस हाताला लागू नये म्हणून कामटी आधी खापरीने किंवा पॉलिश पेपरने घासून घ्यावी. तालुक्यात बांबूकाम जाणणारे लोक असतात. एखाद्या दिवशी त्यांना शाळेत बोलावून कामटी कशी काढतात ते मुलांना दाखविता आले तर दप्तराविना दिवसांपैकी एक दिवस सार्थकी लागेल.

पट्टी कोठे टांगावयाची हा प्रश्न मुलांनी घरी जाऊन सोडवावयाचा आहे. बाजारास जाणारे माणूस कोण, ते घरातून कोणत्या दाराने निघते, निघताना त्याचा हात कोठे जातो, हे आधी पाहावे. किल्ली, टोपी किंवा छत्री जेथे असते तेथेच, हाताच्या कोपराच्या उंचीपासून खांद्यापर्यंतच्या भागात ती असावी. चुलीजवळ टांगू नये. धूर व तेल धरते. पावसाळ्यात मातीच्या भिंतीस ओल येते, तेव्हा भिंतीपेक्षा लाकडी खांबाची खुंटी बरी.

मासळीसाठी वापरावयाची पिशवी वेगळी ठेवावी आणि तिच्या कप्प्यावर लाल दोऱ्याचा एक टाका खुणेसाठी घालावा. ओली पिशवी कप्प्यात कधी ठेवू नये. धुऊन, उन्हात वाळवून, घडी करूनच ठेवावी. रिकामा कप्पा दिसला म्हणजे पिशवी कोठेतरी राहिली आहे असे समजावे. शेजारी गेली असेल, दांडीवर वाळत असेल किंवा सायकलला अडकलेली असेल. सहा कप्पे असण्याचा खरा उपयोग येथे आहे. एकाच मोठ्या थैलीत साऱ्या पिशव्या कोंबल्या तर एक कमी झाल्याचे कोणाच्या लक्षात येत नाही.

महिन्यानंतर शिक्षकांनी वर्गात विचारावे, ते इतकेच की कोणता कप्पा सर्वांत अधिक वेळा रिकामा असतो आणि का. कोणाच्या घरी अजून प्लास्टिक येते, अशी चौकशी मुलांकरवी करू नये. आईबापांची चुगली करण्याचे काम त्यांच्यावर पडते. काही घरी सहाही कप्पे भरण्याइतक्या पिशव्या नसतील. तेथे उरलेल्या तुकड्यांतून एक पिशवी शिवण्याचे काम पुढच्या महिन्यास घ्यावे. टीप व तुरपाई आता येतच असल्याने तिला दोन-तीन तास पुरतात.

पट्टी दोन-तीन महिन्यांतून एकदा धुवावी. धुण्यापूर्वी कामटी काढून घ्यावी, नाहीतर ओल्या बांबूचा पिवळट डाग नेफ्यावर पडतो. वाळल्यानंतर मधल्या टिपांची तोंडे तपासावीत; पहिला टाका तेथेच सुटतो, आणि तो त्याच दिवशी घातला तर एकाच टाक्यावर काम भागते.